बोरघाटातून गेलेली कडू बिअर

इंडिया पेल एल (आयपीए) ही फिक्या माल्टपासून बनवलेली, हॉप्स या कडवट फुलांचा सढळ वापर केलेली, कडू आणि बऱ्यापैकी कडक बिअर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती लंडनहून हिंदुस्थानात येऊ लागली आणि मुंबई, मद्रास, कलकत्ता येथील गोऱ्या वस्तीत प्यायली जाऊ लागली. मुंबई बंदरात उतरलेल्या मालापैकी पुणे आणि खडकीच्या छावण्यांसाठी जे काही वर जाई, त्याची नेहमीची वाट पनवेल, खालापूर, खोपोली आणि बोरघाट अशी होती. या बिअरच्या इतिहासात कर्जत-खालापूरचा पट्टा आहे तो वाटेवरचा मुलूख म्हणून. पिणारे घाटाच्या वर होते. आणि मुळात ही चव घडवली तीच प्रवासाने.

पूर्व लंडनमधील बो येथे जॉर्ज हॉजसन १७५२ पासून बिअर बनवत होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे थांबत तो ब्लॅकवॉलचा धक्का तिथून जवळच. जहाजाच्या कप्तानांना खासगी व्यापारासाठी थोडी जागा मिळे आणि हॉजसन त्यांना १८ महिन्यांच्या उधारीवर माल देई. त्याचे यश या उधारीत आणि शेजारात होते. त्याने हिंदुस्थानच्या हवामानासाठी मुद्दाम नवी बिअर शोधली, ही कथा बाटल्यांच्या लेबलांवर अजून छापली जाते, पण तिला पुरावा नाही. वर्षभर पिंपात ठेवून मुरवण्याच्या, हॉप्स भरपूर घातलेल्या फिक्या बिअरी इंग्लंडात आधीपासून होत्या. उष्ण प्रदेशात पाठवायच्या मालात हॉप्स जास्त घालावेत, हेही तिथल्या धंदेवाल्यांना ठाऊक होते. कडकपणाची कथाही अशीच फुगवलेली आहे. या बिअरीत मद्यार्क साधारण सहा-साडेसहा टक्के असे, आणि त्या काळच्या इंग्लंडात तो काही फार मानला जात नसे. शिवाय साध्या सैनिकांसाठी येणारी काळी पोर्टर बिअर हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर उतरत होती. पेल एल हे मुख्यतः अधिकाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे पेय होते.

आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मुंबईला यायला चार ते सहा महिने लागत आणि विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. पिंपे महिनोन्‌महिने हिंदकळत, तापत आणि पुन्हा निवत. हॉप्समधील राळेसारखे कडू द्रव्य बिअर आंबवणाऱ्या जिवाणूंना रोखून धरी. दुसरीकडे लाकडात दडलेले एक जंगली यीस्ट उरलीसुरली साखर सावकाश खात राही. या यीस्टला ब्रेटॅनोमायसिस हे नाव पुढे १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाउसेन याने दिले. मुंबईत पोचलेली बिअर म्हणूनच गोडवा नसलेली, नितळ आणि फसफसती असे. हॉप्सचा सुगंध वाटेतच विरलेला असे, कडवटपणा मात्र उरलेला. आज ज्या ताज्या, फळांच्या वासाच्या बिअरला हे नाव दिले जाते, तिच्याशी त्या मूळ बिअरचे नाते नावापुरतेच म्हणावे लागेल.

१८२०च्या दशकात हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना बाजूला सारून सगळा नफा स्वतःच घ्यायचा प्रयत्न केला. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपैकी कॅम्पबेल मार्जोरीबँक्स याने बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला हीच बिअर बनवून पाहायला सांगितले. ऑलसॉपचा कारागीर जॉब गुडहेड याने पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ आणि टोकदार लागतो, म्हणून थोड्याच वर्षांत ऑलसॉप आणि बर्टनचीच दुसरी ब्रुअरी बास यांनी लंडनला मागे टाकले.

तेव्हाची चव पाहणे हा व्यापाराचा भाग होता. पिंप उघडल्यावर पाहणाऱ्यापुढे मोजकेच प्रश्न असत: आंबली आहे का, गढूळ आहे का, फेस धरते का. चांगली निघाली तर बाटल्यांत भरली जाई. बिघडलेली लिलावात कवडीमोलाने जाई. ती कशी लागते याचे वर्णन करण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. प्यायची पद्धत हवामानाने ठरवलेली होती. बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्यावर ठेवत किंवा सोऱ्याच्या पाण्यात गार करत. १८३०च्या दशकात अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागला, तेव्हा मुंबईतील श्रीमंतांची सोय झाली.

घाटाच्या वाटेचा इतिहास बिअरइतकाच बोलका आहे. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटात गाडीरस्ता झाला. त्याआधी ओझी बैलांच्या पाठीवर आणि हमालांच्या डोक्यावर घाट चढत. खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आहे. चढाला लागण्यापूर्वी माणसे आणि जनावरे तिथे पाणी पीत. १८५६ साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला आणि मधला घाट पालखी, डोली किंवा गाडीने ओलांडावा लागे. १८६३ साली कर्जतकडून घाटमार्ग पूर्ण झाला. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे, मागून जोर लावणारी इंजिने जोडण्याचे स्टेशन बनले आणि खोपोलीचा फाटा मुख्य मार्गावरून बाजूला पडला.

कडाव हे गाव या रस्त्यापासून आणि रुळांपासून बाजूला, कर्जतहून मुरबाडकडे जाताना लागते. भाताची खाचरे, त्यांच्याभोवती ठाकूर आणि कातकरी वाड्या असा हा भाग. इथल्या पिण्याच्या चालीरीतींत हॉप्सला जागा नव्हती. होती ती मोहाच्या दारूला आणि ताडीला. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले वेचायची, वाळवायची, भिजवून आंबवायची आणि भट्टीवर चढवायची. तिची पारख करण्याची भाषाही इथे तयार होती. पहिल्या धारेची कोणती, पाणी मारलेली कोणती, हे एका घोटात सांगणारी माणसे प्रत्येक वाडीत असत. शंका आलीच तर काडी लावून पाहत. इंग्रजी समीक्षकांच्या शंभर वर्षे आधीपासून चाललेले हे परीक्षण कोणी लिहून ठेवले नाही, कारण ते करणाऱ्यांना लिहिता येत नव्हते आणि लिहिणाऱ्यांना ते गुन्ह्याच्या सदरात टाकायचे होते.

ते सदर कायद्यानेच उघडले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती भट्टी बेकायदा ठरवली आणि गाळण्याचे काम परवानाधारकांकडे गेले. कुलाबा जिल्ह्यात उरणला पारशी मालकांच्या भट्ट्या होत्या. तिथली कर भरलेली दारू गावोगावच्या गुत्त्यांत पोचू लागली. तरीही रानात भट्ट्या पेटतच राहिल्या, म्हणून १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच निर्बंध घातले. साहेबाची बिअर आगगाडीने कर्जतवरून बिनबोभाट घाट चढत होती, आणि त्याच तालुक्यात झाडाखाली पडलेले फूल उचलणे हा गुन्हा झाला. त्या फुलांवरचे निर्बंध महाराष्ट्र सरकारने २०२१ साली उठवले.

इंडिया पेल एल मात्र विसाव्या शतकाच्या आतच मागे पडली. एडवर्ड डायर याने १८५०च्या दशकात कसौलीला ब्रुअरी काढली आणि बिअर हिंदुस्थानातच बनू लागली. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि प्रवास आठवड्यांवर आला. पुढे शीतकरणाची यंत्रे आली, तेव्हा बिअर टिकवायला हॉप्सचा भार घालण्याचे कारणच उरले नाही. जर्मन पद्धतीची हलकी, थंडगार लागर उष्ण देशाला अधिक मानवली. कसौलीची लायन बिअरदेखील कालांतराने एलची लागर झाली. मुंबई राज्यात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने सगळ्याच पेल्यांवर झाकण बसवले. साठच्या दशकात तो सैल झाला, पण रद्द झाला नाही. पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो ही अट आजही कागदोपत्री कायम आहे, आणि ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच कायद्याची देणगी.

बंदी सैल झाल्यावर बिअरचा कारखाना थेट बोरघाटाच्या पायथ्याशी आला. मोहन मीकिन समूहाची मोहन रॉकी स्प्रिंगवॉटर ब्रुअरीज खोपोलीला उभी राहिली. ही जागा निव्वळ योगायोगाची नव्हे. टाटांच्या वीजगृहातून १९१५ पासून घाटावरच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरते आणि पाताळगंगेला बारमाही करते. पावसाने भरलेल्या तलावांच्या अशा पाण्यात क्षार कमी असतात. ते लागरला उत्तम. बर्टनच्या धर्तीची बिअर करायची तर त्यात जिप्सम मिसळावे लागेल.

कर्जत, कडाव, खोपोलीच्या बिअर शॉपीत ‘स्ट्राँग’ मागितली की जी बाटली मिळते ती याच लागर घराण्यातली. भारतीय नियमांप्रमाणे पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर माइल्ड आणि त्यावर आठ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग. तिच्यातला कडकपणा माल्टबरोबर घातलेल्या तांदूळ, मका किंवा साखरेतून येतो, आणि हॉप्स नावालाच असतात. गिऱ्हाईक पैशाला किती चढते ते पाहते, त्यामुळे या बिअरचे परीक्षणही एका वाक्यात संपते.

हॉप्सची बिअर परत आली ती अमेरिकेमार्गे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने १९७५ साली लिबर्टी एल काढली. तिच्यात कॅस्केड ही नवी अमेरिकी हॉप्सची जात होती, पपनसाच्या सालीसारख्या वासाची. १९९४ साली व्हिनी सिलुर्झो याने कॅलिफोर्नियात हॉप्स आणि माल्ट दोन्ही वाढवून ‘डबल’ आयपीए केली. दरम्यान मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गायक वेगळा) १९७७ च्या आपल्या ग्रंथात जगभरच्या बिअरींचे प्रकार लावले आणि वासाचवीचे वर्णन करण्याचा पायंडा पाडला. जे हॉप्स एके काळी माल वाचवण्यासाठी घालत, ते आता चवीसाठी घालू लागले.

महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली आणि राज्यातल्या मायक्रोब्रुअरींचा धंदा तिथून वाढला. गेटवे ब्रुइंग कंपनीने २०१४ च्या सुमारास डोंबिवलीत, म्हणजे कर्जतच्याच लोकल मार्गावर, कारखाना घातला. गोव्यात ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए बाटलीत आली. पण सगळीकडे जास्त खपते ती गव्हाची, फिकी, किंचित गोडसर बिअर. कारल्याची भाजी आवडीने खाणारा माणूससुद्धा पेल्यात कडूपणा सहसा मागत नाही.

आयपीएसारख्या बिअरचे परीक्षण आता ठरावीक क्रमाने होते. फार थंड बिअरचा वास लागत नाही, म्हणून ती आठ ते बारा अंशांवर आणून, तोंडाशी निमुळत्या काचेच्या पेल्यात ओततात. आधी रंग आणि फेस, लगेच वास, कारण हॉप्सचे तेल लवकर उडते: पपनस, पिकला आंबा, देवदाराची राळ. मग घोट. आधी माल्टचा पाव भाजल्यासारखा गोडवा, त्यावर कडूपणा, आणि गिळल्यावर तो किती वेळ, कसा रेंगाळतो. कडूपणाचे मापही आहे, आयबीयू; साध्या लागरमध्ये ते दहा-वीस असते, आयपीएत चाळीस ते सत्तर आणि डबलमध्ये त्याहून वर. हा आकडा एकटा फसवा असतो, कारण माल्ट जड असला तर साठ आयबीयूही सौम्य लागतात. कडक बिअरमध्ये मद्यार्काची ऊब घशाला जाणवावी, जळजळ होऊ नये. आठ टक्क्यांच्या मर्यादेत बनलेल्या भारतीय डबल आयपीएची खरी परीक्षा इथेच होते.

हॉप्सचा सुगंध उन्हाने आणि काळाने झपाट्याने मरतो; आधी फळांचा वास जातो, मागे ओल्या पुठ्ठ्याचा वास उरतो. कोकणच्या मे महिन्यात उघड्या टेम्पोतून आलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरू शकते. म्हणून कर्जतच्या फार्महाऊसवर आयपीए उघडणाऱ्याने आधी बाटलीवरची भरल्याची तारीख वाचावी, आणि ती तीन महिन्यांहून जुनी असेल तर त्या बिअरवर मत देऊ नये.