देवीची लस आणि रक्तातील पूरक प्रथिने

देवीच्या रोगात रुग्णाच्या अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवणे आणि घरात फोडणी न देणे या रूढी महाराष्ट्रभर होत्या, आणि ‘देवी काढणे’ म्हणजे दंडावर लस टोचणे हा प्रघात त्यांच्या जोडीने गावोगाव रुजला.

लशीतील विषाणू शरीरात शिरताच प्रतिपिंडांबरोबर ‘पूरक प्रथिने’ही कामाला लागतात. रक्तद्रवातील ही प्रथिने साखळीने एकमेकांना जागी करतात. ‘सी-3’ या प्रथिनाचा तुकडा विषाणूला चिकटून त्याला भक्षक पेशींच्या स्वाधीन करतो, तर साखळीतील अखेरची प्रथिने विषाणूच्या आवरणाला भोक पाडू शकतात. रक्तद्रवातील तापवल्यावर निकामी होणारा हा पूरक घटक झ्यूल बोर्दे यांनी 1890 च्या दशकात ओळखला. मात्र विषाणूही स्वस्थ बसत नाही: लशीचा विषाणू या साखळीला रोखणारे प्रथिन स्रवतो, हे 1988 मध्ये दिसले, आणि देवीच्या विषाणूचे तसेच प्रथिन मानवी ‘सी-3बी’ (‘सी-3’चा तुकडा) विरुद्ध लशीच्या विषाणूच्या प्रथिनापेक्षा जवळजवळ शंभर पट प्रभावी असल्याचे 2002 मध्ये सिद्ध झाले. देवीच्या विषाणूची भयंकर मारकता समजून घेताना हा शोध फार मोलाचा आहे. या प्रथिनाची कळीची स्थाने पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिली.