हवालदाराचे सव्वीस प्रश्न

मंडळी, आपल्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. त्याच्या चार दशकं आधी कोकणातल्या एका निवृत्त सैनिकाने ही लढाई कागदावर सुरू केली होती. त्यांचं नाव गोपाळबाबा वलंगकर.

महाडजवळच्या रावढळचे, महार समाजातले. गावात ज्यांना शाळेची पायरी चढू देत नसत, त्यांना पलटणीत अक्षरओळख होत असे. १८८६ साली पेन्शन घेऊन ते दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांचे विचार मनात रुजलेले होतेच. ते ‘दीनबंधु’त लिहू लागले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तिच्यात आहे काय? तर धर्माच्या जाणकारांना विचारलेले सव्वीस प्रश्न!

तत्त्वज्ञान शिकवणारे आम्ही लोक इथे थबकतो. अर्ज करणारा हात पसरतो. प्रश्न विचारणारा हिशेब मागतो. विटाळ खरा आहे हे सिद्ध करायची जबाबदारी वलंगकरांनी तो मानणाऱ्यांवर टाकली.

पुढे महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा १८९४ साली त्यांनाही विनंतीपत्र लिहावं लागलं. महार हे मूळचे क्षत्रिय, असा दावा त्यात आहे. म्हणजे जातीची उतरंड नाकारणाऱ्याला तिच्यातच वरची जागा मागावी लागली. याला आपण विसंगती म्हणू शकतो. पण भरती बंद म्हणजे भाकरी बंद, शाळा बंद, पेन्शनही बंद. वलंगकरांना दोष देण्याआधी एवढं तरी आपण ध्यानात घेऊ.