बोक्याची शुगर आणि इन्सुलिनची शंभर वर्षे

गेली कित्येक वर्षे माझ्याकडे मधुमेहाचे औषध घेणाऱ्या एक काकू परवा आल्या त्या वेगळाच प्रश्न घेऊन. "डॉक्टरसाहेब, या खेपेस माही नाही, आमच्या बोक्याची शुगर वाढली. गुराइच्या डॉक्टरनं इन्सुलिन सांगतलं. माह्याच सुईनं टोचू का त्याले?"

मी म्हटलं, "काकू, थांबा. आधी थोडा इतिहास ऐका, मग सुईला हात लावा."

काकूंच्या बोक्याचा आजार कळला तो मुंग्यांमुळे. तो लघवी करी तिथे मुंग्या जमत. आपल्या प्राचीन वैद्यांनीही मधुमेह असाच ओळखला होता. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: जन्मतः असणारा आणि अपथ्याने होणारा. मांजरांमध्ये बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जवळचा प्रकार आढळतो. वजन वाढलेले, घरात बसून असलेले, नसबंदी केलेले बोके त्यात जास्त.

आपल्या अंजनगाव सुर्जीत ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात तह झाला, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या सहा वर्षे आधी, १७९७ मध्ये, इंग्रजांच्या तोफखान्यातील शल्यवैद्य जॉन रोलो यांनी मधुमेही रुग्णाला धान्य-भाजी तोडून मांस आणि चरबीवर ठेवल्याची हकिगत प्रसिद्ध केली. लघवीतली साखर कमी झाली. माणसाला हा आहार फार दिवस झेपत नसे. मांजराला मात्र तो जन्मजात मानवतो, कारण मांजर मूळचे मांसाहारी आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाचा उपचार रूढ केला. मुले हाडांचा सापळा होत, पण काही महिने जास्त जगत. दुसरा इलाज नव्हता.

इलाज सापडला तो प्राण्यांमुळे. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर मधुमेही कुत्री जगवून दाखवली. ११ जानेवारी १९२२ रोजी १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले. त्याचे वजन जेमतेम २९ किलो होते. पहिला अर्क अशुद्ध निघाला. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून पुन्हा सुरुवात झाली आणि मुलगा सावरला.

त्यानंतर अनेक दशके इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच मिळत होते. गंमत अशी की मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चारने. तरीही माणसाचे इन्सुलिन मांजरावर चालते. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी प्रोटामीन मिसळून त्याचा परिणाम लांबवला. आज मांजरासाठी वापरले जाणारे ग्लार्जिन हेही तसेच लांब पल्ल्याचे आहे. ते सहसा बारा-बारा तासांनी देतात.

आता काकूंच्या सुईचा मुद्दा. इन्सुलिनची ताकद काळानुसार बदलत गेली. आपल्याकडे आजही अनेक बाटल्यांत एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. १०० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. १०० चे इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये १० रेघांपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात २५ युनिट जातात. मांजराचा डोस एक-दोन युनिटांच्या घरात असतो. तिथे अडीचपट चूक म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा जुळवा. डोस पशुवैद्यच ठरवतील. आपल्या डोसावरून अंदाज बांधू नका.

काकूंनी विचारले, "मंग उपाशी ठेवू का?" अजिबात नाही. ॲलनचा उपास मांजरासाठी घातक आहे. जाड मांजर काही दिवस जेवले नाही की त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. दूध-पोळी आणि भात बंद करा. पशुवैद्यांना विचारून उकडलेली कोंबडी, अंडी, मासळी किंवा मधुमेही मांजरांसाठीचा तयार आहार द्या. वजन हळूहळू उतरू द्या. आहार बदलताना डोसही बदलावा लागतो, म्हणून दोन्ही एकाच सल्ल्याने करा.

मांजर जेवले नाही तर नेहमीचा डोस देण्याआधी फोन करा. ते लटपटू लागले, सुस्त पडले किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळा आणि लगेच दवाखाना गाठा. अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे, गरज पडल्यास तिथे दाखवा.

एक चांगली बातमी सांगतो. लवकर इन्सुलिन आणि योग्य आहार सुरू झाला, तर काही मांजरांची सुई पुढे बंदही होते. पण बंद करायची वेळ साखर मोजून पशुवैद्य ठरवतील.

काकू जाताना म्हणाल्या, "बोक्याचं पथ्य त माह्यापेक्षा सोपं हाय!" मी म्हटलं, "तो तुमच्यासारखा चोरून पेढा खात नाही ना, काकू."