एका विद्यार्थ्याचा प्रबंध आणि निळा बोर्ड

श्रोतेहो, उत्तर इटलीत डोरा बाल्तेआ नदीकाठी इव्ह्रेआ नावाचं एक लहानसं शहर आहे. ऑलिव्हेत्तीचे टंकलेखनयंत्र ज्यांनी बडवले असेल त्यांनी हे नाव ऐकलेही असेल. १९०८ साली तो कारखाना इथेच निघाला. याच गावी २००१ साली माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार शिकवणारी एक संस्था उघडली. कोलंबिया देशातून आलेला हेर्नांदो बार्रागान तिथे शिकत होता. आजची हकीकत त्याच्या प्रबंधाची.

आधी अडचण काय होती ती पाहू. समजा, माती सुकली की पंप आपोआप सुरू व्हावा आणि ओल आली की बंद पडावा, असं तुमच्या मनात आहे. हे काम नखाएवढी एक चिप करू शकते. पण तिला हुकूम द्यायचा कसा? त्यासाठी वीजशास्त्र शिकलेला माणूस हवा, खास उपकरणं हवीत. तयार बोर्ड मिळत, पण त्यांची किंमत शंभर डॉलरच्या घरात. विद्यार्थ्याला ते कुठून परवडणार?

बार्रागानने २००३ साली यावर काम सुरू केलं. बोर्ड संगणकाला तारेनं जोडा, चार सोप्या ओळी लिहा, कळ दाबा, आणि दिवा लुकलुकायला लागतो! या सगळ्याला त्यानं ‘वायरिंग’ असं नाव दिलं. २००४ मध्ये प्रबंध पुरा झाला. मास्सिमो बान्झी आणि केसी रीस हे त्याचे मार्गदर्शक. रीस आणि बेन फ्राय यांनी आधी केलेल्या ‘प्रोसेसिंग’वर त्याची बांधणी होती, हेही सांगितलं पाहिजे.

२००५ साली बान्झी, दाविद क्वार्तिएयेस आणि त्यांच्या सोबत्यांनी आणखी स्वस्त चिप घेतली, वायरिंगची घडण उचलली आणि सुमारे तीस डॉलरचा निळा बोर्ड काढला. त्याचं नाव आर्डुइनो. हे नाव कुठून आलं म्हणाल, तर मंडळी ज्या बारमध्ये बसत त्याचं ते नाव. आणि बारला ते मिळालं १००२ साली इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्डुइन राजावरून. बिचाऱ्याला दोनच वर्षांत जर्मनीच्या हेन्रीनं पायउतार केलं! असो.

संस्था तर बंद पडायच्या बेताला आली होती. केलेलं काम कुलपात अडकू नये म्हणून त्यांनी बोर्डाचे नकाशे सर्वांना खुले केले. आपल्याकडे गावचा सुतार शेजारच्या गावची पाभर पाहून तशीच घडवतो, त्याला कोणी अडवत नाही. तसंच हे. बोर्ड कोणीही बनवावा, सुधारावा, विकावा. सुधारलेला नकाशा मात्र पुन्हा सर्वांना द्यावा. राखून ठेवलं ते फक्त नाव. आणि गंमत पाहा, त्या नावावरूनच २०१५ साली संस्थापकांत कोर्टकचेरी झाली! २०१६ मध्ये समेट झाला.

त्याच २०१६ साली बार्रागाननं आपली बाजू सविस्तर लिहिली. आर्डुइनोच्या मंडळात त्याला घेतलेलं नव्हतं. कायद्यानं यात काही चुकलं, असं म्हणता येणार नाही. वायरिंग त्यानंच खुलं ठेवलं होतं. पण वस्तू घ्यायची मुभा असली म्हणून मूळ कारागिराचं नाव सांगायची जबाबदारी संपत नाही, असं मला वाटतं. बोर्ड जगभर गेला आणि ज्याच्या प्रबंधातून तो निघाला त्याचं नाव फारच थोड्यांना कळलं.

शिक्षक बंधुभगिनींनो, २०१६ पासून आपल्या देशातल्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब निघाल्या. तिथे हे बोर्ड मुलांच्या हाती येतात. दिवा लावण्यासाठी मुलं ‘डिजिटलराइट’ असा हुकूम लिहितात, तो वायरिंगमधूनच आलेला आहे. आर्डुइनोच्या मूळ आज्ञावलीतल्या काही फायलींची नावं तर आजही ‘वायरिंग’ या शब्दानंच सुरू होतात. पुढच्या तासाला मुलांना एकदा ती उघडून दाखवा.