सात पिढ्यांची मुदत

नागासाकी म्हटलं की आपल्याला ९ ऑगस्ट १९४५ आठवतो. श्रोतेहो, आज मी तुम्हाला त्याच्याही ऐंशी वर्षं मागं नेणार आहे.

१७ मार्च १८६५. नागासाकीत ओउरा इथं नवंकोरं चर्च उभं राहिलंय. फ्रेंच पाद्र्यांनी ते परदेशी लोकांसाठी बांधलंय. जपानी माणसानं ख्रिस्ती असणं हा तेव्हाही गुन्हाच. दुपारी दहा-पंधरा खेडूत दारात येऊन घुटमळतात. फादर पेतिजाँ त्यांना आत घेतात आणि स्वतः प्रार्थनेला गुडघे टेकतात. तेवढ्यात एक बाई जवळ सरकते, छातीवर हात ठेवते आणि हलक्या आवाजात सांगते, की आमचं मनही तुमच्यासारखंच आहे. लगेच विचारते, सान्ता मारियाची मूर्ती कुठं आहे?

ही माणसं जवळच्याच उराकामी गावची. जपानमध्ये ख्रिस्ती कुणी उरलाच नसणार, असं बाहेरच्या जगानं केव्हाच धरून टाकलं होतं.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडचा आहे. ओउराचं चर्च ज्या सव्वीस हुतात्म्यांच्या नावानं बांधलं, त्यांतले एक आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून जपानला पोचले आणि पुढच्या काही दशकांत तिथं लाखांनी माणसं ख्रिस्ती झाली. गोन्सालो यांना जपानी चांगलं येई. ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे होते. हिदेयोशीच्या हुकमानं ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं. वसईत आज त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. त्या पाटीखालून जाणाऱ्या किती मुलांना नागासाकी ठाऊक असेल, कोण जाणे!

१६१४ मध्ये साऱ्या देशात बंदी आली. १६४४ मध्ये उरलासुरला शेवटचा धर्मगुरूही मारला गेला. समुद्र बंद, पुस्तकं बंद. पाच-पाच घरांचे गट पाडलेले. एकाचा गुन्हा पाचांच्या माथी. पकडून देणाऱ्याला इनाम. आणि नागासाकीच्या मुलखात दर वर्षी एक परीक्षा. येशूची किंवा मारियाची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत प्रत्येकानं तिच्यावर पाय देऊन पुढं जायचं.

उराकामीच्या लोकांनी पाय दिला. दर वर्षी, पिढ्यान्‌पिढ्या. मग घरी येऊन, दारं लावून, पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. धर्मगुरू जवळ नसेल तेव्हा मनापासूनचा पश्चात्तापही पुरतो, असं सांगणारं एक छोटं पुस्तक बंदीच्या आधी त्यांच्यात आलं होतं. हातानं नकलून, लपवून त्यांनी ते जपलं. गावात कामं वाटलेली. एकानं सणांचं कॅलेंडर सांभाळायचं, एकानं नव्या बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी द्यायचं. मांडीवर मूल घेतलेली चिनी मातीची पांढरी कान्नोन, बौद्धांची करुणेची देवता, हीच त्यांची मारिया. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. मूळ लॅटिन शब्द ऐकून ऐकून पाठ केलेले, अर्थ कधीचा हरवलेला, उच्चार झिजलेले. माझ्या दादीलाही अरबीचा एक शब्द कळत नसे. तिचे उच्चार ऐकून शिकलेली माणसं हसायची. पण आमच्या घरात दुआ टिकली ती तिच्यामुळं.

गोन्सालो गार्सिया यांच्यापुढं मान आपोआप झुकते. पण खरं सांगू? माझ्या मनातून जात नाहीत ते पाय देणारे. हुतात्म्याची परीक्षा एकदा संपते. यांची दर नव्या वर्षी पुन्हा.

मी मुसलमान आहे, आणि आमच्या इतिहासात हाच प्रसंग उलट्या बाजूनं आलेला आहे. स्पेनमध्ये कॅथलिक सत्तेनं मुसलमानांना बाप्तिस्मा घ्यायला लावला, तेव्हा आफ्रिकेतून १५०४ मध्ये एका मुफ्तीनं त्यांना फतवा पाठवला. मूर्तीपुढं वाकायला लावलं तर वाका, नियत अल्लाची ठेवा. उघड नमाज पढता येत नसेल तर नुसत्या खुणेनं पढा. फतवा या शब्दाला आपल्याकडं जो वास येतो, तो या फतव्याला नाही. त्या मुसलमानांची स्पेनमधून हकालपट्टी पुरी झाली, तेही साल १६१४च.

उराकामीच्या लोकांजवळ मात्र एक वायदा होता. बास्तियान नावाचा एक जपानी धर्मसेवक मारला जाण्यापूर्वी सांगून गेला, असं त्यांच्यात मानलं जाई. सात पिढ्यांनी मोठ्या काळ्या जहाजातून धर्मगुरू येतील, आणि मग ख्रिस्ताची गाणी कुठंही मोठ्यानं गाता येतील. कवी म्हणून मी इथं थबकतो. राज्य मागितलं नाही, सूड मागितला नाही. फक्त मोठ्यानं गाता यावं! आणि मुदत सात पिढ्यांची. ऐकणाऱ्याला ठाऊक होतं, की तो दिवस आपल्या नातवालाही दिसायचा नाही. तरी त्यानं पोराला ओराशो शिकवला.

१८६५ च्या भेटीनं सगळं गोड झालं असं नाही. दोनच वर्षांत उराकामीच्या लोकांनी बौद्ध पद्धतीचे अंत्यविधी नाकारले आणि धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून अधिक माणसं देशभर हद्दपार झाली. त्यांतली सहाशेच्या वर दगावली. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरल्यावर उरलेले परतले. इकित्सुकी बेटावरच्या काही घरांनी तर चर्च नाकारून वाडवडिलांचा ओराशोच धरून ठेवला. उराकामीकरांनी पैसे जमवून जागा घेतली ती गावच्या मुखियाच्या वाड्याची. दर वर्षी प्रतिमेवर पाय द्यायला लावत, तोच हा वाडा. तिथं त्यांनी विटांचं भलंमोठं चर्च बांधलं. ते १९१४ मध्ये पुरं झालं.

१९४५ चा अणुबॉम्ब फुटला तो या चर्चपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. उराकामीच्या सुमारे बारा हजार ख्रिस्ती माणसांतली साडेआठ हजार गेली. विटांच्या ढिगाऱ्यातून एक घंटा शाबूत निघाली. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या रात्री वाचलेल्यांनी ती टांगून वाजवली.