चांदा मुलखातील तंबाखू

अकबराच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६०४ च्या सुमारास, विजापूरच्या आदिलशाही दरबाराकडे वकिलीस गेलेला असद बेग आग्र्यास परतला, तेव्हा बादशहास नजर करण्यासाठी त्याने आणलेल्या चिजांमध्ये एक रत्नजडित नळी आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून दक्षिणेत उतरलेली तंबाखू होती. बादशहाने नळी ओठांस लावताच शाही हकिमांनी हरकत घेतली. ज्या औषधीचा गुणधर्म आपल्या ग्रंथांत कोठेही नोंदलेला नाही आणि जिची परीक्षा कोणी केलेली नाही, ती बादशहाने सेवन करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर असद बेगाने फिरंग्यांच्या शहाणपणाचा दाखला दिला आणि बादशहाने असद बेगाची पाठ थोपटली. तंबाखू आणि आरोग्य यांविषयी हिंदुस्थानात झालेला, नोंद उरलेला असा हा मला ठाऊक असलेला पहिला वाद होय, आणि त्यात परीक्षेचा आग्रह धरणारा पक्ष हरला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने मनाईचे फर्मान काढले, परंतु तोवर सरदारांच्या दिवाणखान्यांत धूर पुरता मुरला होता.

धूर पाण्यातून नेला असता त्याचा दोष उतरतो, ही कल्पना याच काळाची. हुक्क्याच्या शोधाचे श्रेय परंपरा अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी यास देते. तथापि हा हकीम १५८९ मध्येच, म्हणजे असद बेगाच्या नजराण्यापूर्वी सुमारे पंधरा वर्षे, निवर्तला होता हे ध्यानी घेता ती आख्यायिका जपून स्वीकारावी लागते. कल्पना मात्र चार शतके टिकली. पाण्याने धूर थंड होतो, म्हणून तो अधिक खोल ओढला जातो. त्यातील विष उतरत नाही, आणि वरच्या निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड त्यात मिसळतो. एका बैठकीत हुक्का ओढणारा मनुष्य शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर आत घेऊ शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने २००५ मध्ये दिला. हकिमांनी मागितलेली परीक्षा अशी चारशे वर्षांनी पुरी झाली.

हा दरबारी हुक्का चांदा मुलखात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात, मात्र फारसा रुजला नाही. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८५४ मध्ये भोसल्यांचा मुलूख इंग्रजांनी खालसा केला. अठराव्या शतकातील मराठी सरदारांच्या छावण्यांत गुडगुडी आणि हुक्काबरदार ही प्रतिष्ठेची अंगे होती, परंतु हे वैभव वैनगंगेपलीकडच्या रानात रुजण्यासारखे नव्हते. हुक्क्यास निखारा हवा, भांडे हवे, सेवक हवा आणि बूड टेकून बसण्याची सवड हवी. शिकारीच्या आणि मोहफुलांच्या मागे दिवस घालवणाऱ्या माडिया-गोंडास पानात गुंडाळून ओढता येईल किंवा दाढेखाली धरता येईल अशीच तंबाखू सोयीची. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात तंबाखूसाठी कोरलेल्या नक्षीदार डब्या मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी अगत्याने नोंदल्या आहेत. हुक्क्याच्या चिलमीत भरली जाणारी गूळमिश्रित तंबाखू पूर्व सीमेवर, छत्तीसगडच्या बाजूस, गुडाखू होऊन चक्क दातांवर चोळली जाऊ लागली. दरबाराचे पात्र गळून पडले, त्यातील द्रव्य तेवढे रयतेच्या तोंडी राहिले.

मात्र या मुलखाचा तंबाखूशी खरा संबंध जडला तो टेंभुर्णीमुळे, म्हणजेच तेंदूमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर, गोंदिया, कामठी या बाजूंस विडीचा धंदा फोफावला आणि जे झाड तोवर गोड फळासाठी ओळखले जाई, त्याचे पान नगदी माल ठरले. फाल्गुनाच्या सुमारास खुटकटाई होते, म्हणजे झुडपे छाटली जातात, की नव्या फुटव्याचे पान मऊ आणि मोठे यावे. याच हेतूने रानास आगीही लावल्या जातात. मे महिन्याच्या उन्हात पहाटेपासून सारे घर रानात असते, दुपारी अंगणात बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधले जातात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या संकलन केंद्रावर, दिवाणजीपुढे मोजून दिले जातात. तेथे ते वाळवून, पालटून, पाणी शिंपडून बोदांत, म्हणजे पोत्यांत, भरतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पाने. शेतीचे काम नसलेल्या महिन्यात रोख रक्कम हाती देणारा दुसरा धंदा या रानात सहसा नाही, ही गोष्ट ज्याने पाहिलेली नाही त्याने तेंदूपानावर मत देण्याची घाई करू नये.

१९६९ च्या कायद्याने या व्यापाराचे नियमन राज्याने आपल्याकडे घेतले आणि घटकवार लिलाव सुरू झाले. १९८० नंतर नक्षलवाद्यांच्या दलमांनी, म्हणजे सशस्त्र तुकड्यांनी, रानात पाय रोवले ते अंशतः पुड्याच्या दरावरून. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०१३ च्या सुमारास काही ग्रामसभा स्वतःच पान विकू लागल्या. ठेकेदाराच्या मगरमिठीतून सुटलेला हा पैसा गावात आला, याचा आनंद मला मनापासून वाटतो. परंतु दर, बोनस आणि स्वामित्वशुल्क यांच्या या दीर्घ भांडणात, त्या पानातून पुढे कोणाच्या छातीत काय जाते, हा प्रश्न कोणत्याही दफ्तरात चढला नाही.

तो प्रश्न विचारणारे लोक आले १९८६ मध्ये. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावोगावच्या आरोग्याचा अभ्यास मांडला. जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली, आणि पुढे शासन व टाटा ट्रस्ट यांच्यासह दारूबरोबर तंबाखूसही लक्ष्य करणारे 'मुक्तिपथ' अभियान उभे राहिले. येथील शत्रू हुक्का नव्हे, खर्रा आहे: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून पानठेल्यावर मिळणारा, कामावरच्या बाईच्या पदरात आणि शाळकरी मुलाच्या खिशातही सापडणारा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. मुंबईच्या कमला मिल आवारातील, हुक्क्याच्या निखाऱ्याशी जोडल्या गेलेल्या डिसेंबर २०१७ च्या आगीनंतर राज्याने २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर कायद्याने बंदी घातली. ती योग्यच होती, परंतु शहरी धुराकडे वळलेली दृष्टी रानातल्या या मूक चर्वणाकडे तितक्या त्वरेने वळली नाही, याची मला खंत वाटते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगाव या छोट्या गावाने वनहक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडणेच थांबवले. छाटणीने व आगीने रान खचते, आणि पान शेवटी लोकांच्या आरोग्याचा नाश करते, ही दोन्ही कारणे गावाने सभेत मांडली. बांबूचे उत्पन्न हाताशी होते म्हणून तो निर्णय पेलला. प्रत्येक गावाकडे असा बांबू नाही. जी ग्रामसभा आज गोण्यांचा हिशेब ठेवते तिने आपल्या गावातील तोंडाच्या व्याधींचीही नोंद त्याच वहीत ठेवावी, आणि शासनाने मे महिन्यात तेंदूपुड्याइतकीच रोख रक्कम देणारे काम प्रथम रानात आणावे, मगच त्या लोकांना पान सोडण्यास सांगावे.