अष्टापदाच्या पायऱ्या आणि आपली तयारी



आमच्या मुलुंडच्या महिला मंडळातल्या पाच जणींनी पहिल्यांदाच कैलास-मानसरोवरला जायचं ठरवलं आहे. त्यात माझ्या नणंदबाई आहेत, वय ६३. आदिनाथ प्रभूंची निर्वाणभूमी अष्टापद तिथेच, ही आपली श्रद्धा. तिथे अठ्ठम करूनच दर्शन घ्यायचं, असं त्यांच्या मनात आहे. म्हणून आज या वाटेचा थोडा इतिहास लिहिते.

पूर्वी यात्रेकरू अल्मोड्याकडून पायी निघत आणि कित्येक दिवस चालून लिपुलेख खिंड ओलांडत. चाल हळू, त्यामुळे शरीराला विरळ हवेची आपोआप सवय होई. १९६२च्या युद्धानंतर बंद असलेली ही यात्रा १९८१ साली सरकारने पुन्हा सुरू केली, तेव्हाही बरीचशी वाट पायीच होती. दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि गुंजीला पोचल्यावर पुन्हा एकदा, असा नियम होता. २०२० ते २०२४ यात्रा थांबली. २०२५ मध्ये परत सुरू झाली. आता मोटाररस्ते वर पोचलेत, नेपाळमधून हेलिकॉप्टरही मिळतं. वाट सोपी झाली, पण शरीराला मिळणारे दिवस कमी झाले.

याचा धडा आपल्या जवानांनी दिला आहे. १९६२च्या सुमारास सपाटीवरचे सैनिक घाईने, अनेकदा विमानाने, थेट उंचावर न्यावे लागले. धडधाकट तरुणांना डोकेदुखी, उलट्या, धाप. काहींच्या फुप्फुसांत पाणी झालं. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. तरुण वय आणि ताकद इथे वाचवत नाही. वाचवतो तो वेळ.

आता आकडे पाहा. हा त्रास साधारण २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठेही चढलात तरी पायांचा सराव होईल, विरळ हवेचा नाही. मानसरोवर ४,५९० मीटरवर आहे. परिक्रमेतली डोलमा खिंड सुमारे ५,६३० मीटर. तिथे श्वासागणिक मुंबईच्या निम्माच प्राणवायू मिळतो. डॉक्टर सांगतात, ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम फार तर ५०० मीटरने वाढवावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. मी बी.कॉम.वाली, मला हिशेब कागदावर लागतो. टूरवाल्याकडून प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून घ्या आणि फरक काढा. विश्रांतीचे दिवस कापून स्वस्त केलेली टूर घेऊ नका.

स्वयंपाकाचंही सांगते. मानसरोवराकाठी पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही. खाकरे, सातूचं पीठ, सुंठ-गूळ बरोबर ठेवा. तिकडे लसणाचं सूप प्यायला सांगतात. त्याने त्रास टळतो याला पक्का पुरावा नाही, तेव्हा आपण ते न घेतल्याने काही बिघडत नाही. पाणी मात्र भरपूर हवं, कारण कोरड्या हवेत श्वासाबरोबरही पाणी जातं. चौविहार पाळणाऱ्यांना एक सोय आहे. तिबेटात घड्याळ बीजिंगचं चालतं, त्यामुळे जूनमध्ये सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. दिवस चौदा तासांचा. त्यात उकाळ्याचं पाणी थोडं थोडं पीत राहा.

राहिला अठ्ठम. गौतमस्वामींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अष्टापदाच्या आठ पायऱ्या. एकाआड एक दिवस उपवास करणारे तापस पहिल्या पायरीवर थांबले, छठ्ठवाले दुसऱ्या, अठ्ठमवाले तिसऱ्या. गौतमस्वामी आपल्या लब्धीने वर जाऊन दर्शन घेऊन आले आणि त्यांनी त्या १५०३ तापसांना खिरीचं पारणं करवलं. खीर खाता खाताच त्यातल्या ५०० जणांना केवलज्ञान झालं! कथेचा अर्थ खोल आहे, पण एवढं मलाही कळतं की नुसत्या उपवासाने ती चढण सर झाली नाही आणि खाल्ल्याने कुणाचा भाव उणा झाला नाही.

नणंदबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. महासतीजींना विचारून ठरवते म्हणाल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की अठ्ठम मुलुंडला परतल्यावर करा, पारणं मी करवीन.

जाणाऱ्या सगळ्यांनी रक्तदाब, साखर, हृदय तपासून घ्या, गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारा. वर गेल्यावर डोकं दुखलं तर लपवू नका, आणखी चढू नका. त्रास वाढला, धाप थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर दर्शन राहिलं तरी चालेल, लगेच खाली उतरा.